पर्यटकांच्या ॲपमध्ये आपलं बंदर टाकायचं का? आमचं म्हणणं



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पौर्णिमेचा दुसरा दिवस. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमचे चौघेजण रापणीचं जाळं आवरत होते. समोर नदीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा ओहोटीने उघडा पडला होता आणि त्याच्या पार टोकाला एक कुटुंब मावळत्या सूर्याचे फोटो काढत होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक म्हातारी आजी. आमच्यातल्या एकाने हाका मारल्या, हात हलवून परत या म्हणून खुणावलं. त्यांनीही हसून हात हलवले.

पुढे काय झालं असेल ते दर्याकाठच्या माणसाला सांगायला नको. अंधार पडला, भरती लागली. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये जो खोलगट भाग आहे, जिथून ते कोरड्या पायांनी गेले होते, तिथे साडेसातपर्यंत मुलांच्या कमरेला लागेल इतकं पाणी आलं आणि पाण्याला आत नदीकडे जोराची ओढ. आमच्या पोरांनी होडी ढकलली आणि पाचही जणांना आणलं. आजीबाईंचे हात थरथरत होते. ते गृहस्थ बेळगावकडचे, बोलायला चांगले. त्यांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, "काका, यात तर जमीन दाखवतंय. रस्ताही दाखवतोय." बघितलं तर खरंच. निळा ठिपका, खाली पिवळी वाळू, आणि त्या जागेला कोणीतरी इंग्रजी नाव देऊन वर चांदण्याही दिलेल्या. त्या नावाने ती जागा गावात एकालाही माहीत नाही.

ही गोष्ट आज सांगायचं कारण असं की, मागच्या महिन्यात काही तरुण मुलं आपल्या सोसायटीच्या ऑफिसात येऊन गेली. पर्यटकांसाठी मोबाइल ॲप करतायत. माणूस जिथे उभा असेल तिथली माहिती त्याला फोनवर मिळणार: जवळ काय बघायचं, मासळी कुठे मिळते, होडीतून फिरायला कुठे जाता येतं, जेवण कुठे. त्यांना आपली जेटी, सकाळचा मासळीचा लिलाव, रापण, होडीची फेरी हे सगळं त्यात टाकायचंय. मुलं नम्र होती, उगाच बडबड केली नाही. तरी सोसायटीत दोन तट पडलेत. तरुण मंडळी म्हणतात टाकूया, चार पैसे येतील. जुनी मंडळी म्हणतात काही नको, आधीच गर्दी काय कमी आहे? आमचं म्हणणं या दोन्हींच्या मधलं आहे, ते जरा सविस्तर मांडतो.

आपण फोनच्या विरोधात नाही

पहिली गोष्ट. कोणी असं समजू नये की कोळी-खारवी लोकांना यातलं काही कळत नाही. "तुम्ही कुठे आहात त्यावरून माहिती" हा प्रकार पर्यटकांच्या आधी आपण वापरलाय. आपल्या ट्रॉलरवर, फायबरच्या होड्यांवर जीपीएस येऊन कितीतरी वर्षं झाली. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून आहे. उपग्रहाने टिपलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे, याचा सल्ला ती देते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत, असा तो सल्ला असतो आणि स्थानिक भाषेत मिळतो. आपल्यातले कितीतरी तांडेल निघण्याआधी तो बघतात, मग वाऱ्याचा आणि स्वतःच्या अनुभवाचा हिशेब घालतात आणि दिशा ठरवतात.

त्या सल्ल्यावर आपण भरवसा का ठेवतो? प्रत्येक वेळी मासळी मिळते म्हणून नव्हे. त्यावर तारीख असते, कुठल्या दिवसापर्यंत लागू ते लिहिलेलं असतं. आभाळ ढगाळ असलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही, मग त्या दिवशी सल्ला येतच नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाही येत नाही. म्हणजे जे माहीत नाही त्याबद्दल ती व्यवस्था गप्प बसते. शिवाय किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटर गेलं की मोबाइलची रेंज जाते हे ओळखून २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं यंत्र काढलं. ते गगनच्या उपग्रहांवरून वादळाची, उंच लाटांची सूचना घेतं आणि तांडेलाच्या फोनवर पोचवतं.

पर्यटकांच्या ॲपला आमची पहिली कसोटी हीच राहील. माहितीवर तारीख आहे का? आणि माहिती नसेल तेव्हा ते गप्प बसतं का?

फोनला काय कळतं, काय कळत नाही

आपल्या बायाबापड्यांनाही समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. फोन आकाशातल्या निदान चार उपग्रहांचे सिग्नल पकडतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. वर मोकळं आकाश असेल तर चार-पाच मीटरच्या फरकाने जागा बरोबर लागते. माडांच्या दाट बागेत, घरात, दोन इमारतींच्या मध्ये हा फरक वाढतो. उपग्रह दिसलाच नाही तर फोन मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो, तेव्हा चूक शेकडो मीटरची होऊ शकते, कधी किलोमीटरचीही.

पण दांड्यावर अडकलेल्या त्या कुटुंबाच्या फोनची जागा चुकली नव्हती, हे लक्षात घ्या. निळा ठिपका अगदी बरोबर होता. चूक होती खालच्या नकाशाची. वरून काढलेल्या फोटोवरून नकाशा बनतो. तो फोटो ज्या दिवशी, ज्या घटकेला काढला तेव्हा ओहोटी असेल तर दांडा जमीन दिसणार, भरती असेल तर पाणी. मग तीच जमीन वर्षभर, चोवीस तास जमीन म्हणून दाखवली जाते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पावसाळ्यात नदीचा लोंढा येतो तेव्हा दांड्याची जागाही बदलते. गणपतीनंतर पहिल्यांदा होडी घालताना आपला जुना तांडेलसुद्धा काठीने पाणी चाचपून मगच आत जातो. मग दोन वर्षांपूर्वीचा फोटो काय सांगणार?

तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ मिळते, हा आपल्या वाडवडलांचा हिशेब. चतुर्थी असेल तर तीनच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती आणि संध्याकाळी खोल ओहोटी. म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या वेळी वाळू लांबवर उघडी पडते, लोक फोटो काढायला आत जातात आणि अंधाराबरोबर पाणी परत येतं. हिशेब ढोबळ आहे, गावागावाप्रमाणे मागेपुढे होतो, पण तो पोराटोरांना तोंडपाठ असतो. लाखो रुपयांच्या फोनमध्ये तो नाही, कारण कोणी घातलाच नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असंही नाही. बागाला जाणाऱ्या वाटेवर लोकांनीच काही वर्षांपूर्वी फलक लावला होता की, नकाशाने तुम्हाला फसवलंय, हा रस्ता किनाऱ्यावर जात नाही, मागे फिरा. त्याचा फोटो देशभर फिरला, लोक हसले. पण केरळात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुसळधार पावसात रात्री गाडी नदीत जाऊन दोन तरुण डॉक्टर गेले. गाडी फोनवरच्या वाटेने चालली होती असं तेव्हा बातम्यांत आलं. नवी मुंबईत बेलापूरला २०२५ च्या जुलैमध्ये एका बाईंची गाडी पुलावर चढायच्या ऐवजी खालच्या रस्त्याने जेट्टीवरून थेट खाडीत गेली. नशीब, सागरी सुरक्षा पोलीस जवळच होते, त्यांनी वाचवलं. जेट्टीपर्यंत रस्ता जातो हे खरंच आहे. तो जेट्टीवर संपतो, एवढंच सांगायचं राहिलं.

परक्या मुलखातला एक दाखला

इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम्ब बे नावाचा उपसागर आहे. ओहोटीला तिथे मैलोगणती वाळू उघडी पडते. पूर्वी लोक त्या वाळूवरून पलीकडच्या गावी चालत जात, कारण जमिनीवरचा रस्ता फार वळसा घालून जायचा. पण वाळूत चिखलाचे खड्डे, नद्यांचे प्रवाह जागा बदलणारे, आणि भरती वेगाने येणारी. म्हणून तिथे सोळाव्या शतकापासून राजाच्या नावाने एक वाटाड्या नेमला जातो. १९६३ ते २०१९ अशी तब्बल ५६ वर्षं हे काम सेड्रिक रॉबिन्सन या माणसाने केलं. ते मूळचे तिथलेच मच्छीमार. लोकांना नेण्याआधी ते स्वतः वाळू चालून बघायचे, प्रवाह कुठे सरकला ते तपासायचे आणि झाडाच्या फांद्या रोवून वाट आखायचे. पुढच्या खेपेला पुन्हा नव्याने. मागच्या वेळची वाट त्यांनी कधी गृहीत धरली नाही. मानधन म्हणाल तर वर्षाला १५ पौंड, नावापुरतं.

त्याच उपसागरात २००४ च्या ५ फेब्रुवारीला रात्री शिंपल्या गोळा करणारे २३ चिनी मजूर भरतीत सापडून गेले. ते परके होते, भाषा येत नव्हती, आणि कामाला लावणाऱ्याने त्यांना त्या वाळूचं काही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका ओहोटी-भरती बघून जातात आणि वेळेत परत येतात. ज्ञान होतं तो माणूस वाचला, नव्हतं तो गेला. पाणी सगळ्यांना सारखंच होतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की, ॲप करणाऱ्यांना फांद्या रोवणारा माणूस लागेल. तो त्यांना हैदराबादेत किंवा बंगळूरात बसून मिळणार नाही. तो इथे जेटीवर जाळी शिवत बसलाय.

मग ॲपमध्ये काय असावं

आमच्या मते आपण मुलांना सरळ पाच गोष्टी सांगाव्यात.

१. नदीचं तोंड, वाळूचा दांडा, खडपं, जेटी या जागांना वेळ लावावी. भरती सुरू झाली की दांडा फोनवर लाल दिसला पाहिजे आणि त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. हे अवघड नाही. नकाशावर कुंपण आखायचं, फोन त्या कुंपणात शिरला की सूचना जाते. दुकानाची जाहिरात दाखवायला हीच युक्ती वापरतात. जाहिरातीसाठी जमते तर जीव वाचवायला का जमू नये?

२. बावटे. जीवरक्षक लाल बावटा लावतात तेव्हा पाण्यात उतरायचं नाही, आणि लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं. किती पर्यटकांना हे ठाऊक असतं? पाण्याची ओढ माणसाला आत नेते तेव्हा किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, हे दोन ओळींत आणि एका चित्रात सांगता येतं. आज कुठल्या किनाऱ्यावर कुठला बावटा आहे ते त्या दिवशीच दाखवावं. जीवरक्षक नसतात त्या किनाऱ्यावर आणि त्या वेळेला तसं स्पष्ट लिहावं.

३. रापण आणि जाळी. रापण ओढायची असते तेव्हा दोर पाण्यातून किनाऱ्यापर्यंत ताणलेला असतो. त्यावरून पाण्यातली स्कूटर गेली तर जाळं फाटतं, आणि माणसाच्या पायाला दोर अडकला तर हाड मोडतं. "इथे आत्ता रापण चालू आहे, बाजूने जा, बघायचं असेल तर लांबून बघा, ओढायला हात लावायचा असेल तर आधी विचारा." इतकंच हवं. विचारून हात लावणाऱ्याला आपण कधी नाही म्हटलेलं नाही.

४. रेंज नसली तरी चाललं पाहिजे. नदीच्या तोंडावर, डोंगराच्या आडोशाला सिग्नल जातो, आणि गरज नेमकी तिथेच. भरतीचं कोष्टक वर्षभराचं आधीच तयार असतं, ते फोनमध्ये उतरवून ठेवता येतं. माहिती मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत असावी. आपल्याकडे रविवारी बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्गातून येणारी माणसं इंग्रजी सूचना वाचत बसत नाहीत.

५. मदतीचे नंबर वरच दिसावेत. ११२ तर आहेच, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. आणि मदत मागणाऱ्याला आपली जागा एका बटणावर पाठवता यावी. "आम्ही एका मोठ्या काळ्या खडकाजवळ आहोत" या पत्त्यावर कोणाला शोधणार?

याशिवाय फायद्याच्या गोष्टीही पुष्कळ आहेत. दिवाडी बेटाला पूल नाही, फेरीबोटच. फेरीची वेळ, ती आज चालू आहे की दुरुस्तीला, हे कळलं तर माणसाचा तास वाचतो. जून-जुलैत बाहेरची किंवा बर्फातली मासळी ताजी म्हणून गळ्यात मारतात. तेव्हा बंदीचा काळ आहे, या दिवसांत नदीची मासळी, तिसऱ्या, सुकी मासळी मागा, असं ॲपने सांगितलं तर पर्यटक फसणार नाही आणि आपल्या बायकांच्या सुक्या बाजाराला गिऱ्हाईक मिळेल. तरुण मंडळी जे चार पैसे म्हणतात ते असे यावेत.

आणि काय नसावं

आता जुन्या मंडळींची भीती. ती आम्हाला पोकळ वाटत नाही.

आपण मासळी कुठे मारतो त्या जागा कुठल्याही परिस्थितीत ॲपवर जाता कामा नयेत. खडपांच्या, खोलीच्या या जागा बापाने मुलाला सांगितलेल्या आहेत. एकदा नकाशावर ठिपका पडला की तो पुसता येत नाही.

आपल्या होड्या आत्ता कुठे आहेत, हेही दाखवायचं नाही. ती मुलं सहज म्हणाली होती की, "जवळची मासेमारी होडी लाइव्ह दाखवली तर पर्यटकांना मजा येईल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पंतप्रधानांनी एक योजना सुरू केली, त्यात १ लाख मासेमारी होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. वादळात, संकटात आपला ठावठिकाणा कळावा म्हणून ते आपण बसवून घेतो. जिवासाठी दिलेली ती माहिती तमाशासाठी वापरायला देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झालाय. तुमची माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यायची, हे त्याचं मूळ तत्त्व. तेच आपण होडीलाही लावायला सांगू.

कासवांची अंडी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. किनारा कासवांचा आहे, रात्री दिवे नकोत, आवाज नको, हे ॲपने जरूर सांगावं. पण घरट्याची नेमकी जागा दाखवायची नाही. पाचशे माणसं टॉर्च घेऊन येतील.

आपल्या खोप्या, बायका मासळी सुकवतात ती जागा, देवस्थानाची वाळूतली जागा यांना "बघण्यासारखं ठिकाण" असा शिक्का नको. आपली बहीण सुकट पसरत असताना समोर उभं राहून फोटो काढणाऱ्याला फोनच सांगत असतो की हे ठिकाण प्रेक्षणीय आहे. मग तो तरी काय करणार? आणि नाव लिहायचं तर गावाचं नाव लिहा. आपल्या वेळेला, आपल्या खडपाला पिढ्यानपिढ्यांची नावं आहेत. बुडणाऱ्याने फोनवर इंग्रजी नाव सांगितलं तर गावातल्या माणसाला कळायचं नाही कुठे धावायचं ते. नावाचा प्रश्न मानापमानाचा नाही, वेळेत पोचण्याचा आहे.

"नाही" म्हणून चालेल का?

जुनी मंडळी म्हणतात, सरळ नकार द्या. आम्हीही आधी तसंच म्हणत होतो. पण त्या दांड्याला इंग्रजी नाव आणि चांदण्या कोणी दिल्या? आपल्याला विचारून दिल्या का? कुठल्यातरी पाहुण्याने सहज ठिपका टाकला आणि मागून शंभर आले. आपण गप्प बसलो तर ठिपका पडायचा राहत नाही, फक्त तो चुकीच्या माणसाच्या हाताने पडतो. आणि रात्री होडी ढकलायला लागते ती आपल्यालाच.

सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन जाळं मारायला लागले तेव्हा आपले रापणकार रस्त्यावर उतरले. १९८० च्या कायद्याने पारंपरिक मच्छीमारांसाठी किनाऱ्याजवळचा पट्टा राखला गेला. ती रेघ आपोआप पडली नव्हती, बोलल्यामुळे पडली. आज नकाशावर रेघा पडतायत, आणि आपण ऑफिसात चहा पाजून मुलांना परत पाठवतोय.

म्हणून आमचा आग्रह करारावर आहे. फुकट काही नको. सोसायटीने दोन माणसं नेमावीत, एक जुना तांडेल आणि एक फोन चालवणारं पोरगं किंवा पोरगी. रोज सकाळी दांडा कसा आहे, वारा कसा आहे, रापण कुठे लागणार, हे त्यांनी पाच मिनिटांत कळवायचं. त्याचं ठरलेलं मानधन ॲपवाल्यांनी सोसायटीकडे द्यायचं. हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा इशारा आला की तो सगळ्याच्या वर. ज्या दिवशी आपल्याकडून नोंद गेली नाही त्या दिवशी फोनने "आजची नोंद नाही, किनाऱ्यावर विचारून जा" असं दाखवावं. कालची नोंद आजची म्हणून दाखवायची नाही. मासळी शिळी असेल तर आपली बायको टोपलीतून बाजूला काढते, माहितीलाही तोच नियम.

आणि चूक झाली तर जबाबदारी कोणाची, तेही आधीच लिहून घ्यावं. बारीक अक्षरात "आम्ही जबाबदार नाही" असं लिहायचं आणि दोष आपल्या तांडेलावर ढकलायचा, हे चालणार नाही.

थोडं आपल्याबद्दलही

दुसऱ्याला सांगताना स्वतःकडेही बघावं लागतं. आपल्यातले काहीजण पर्यटकांना होडीतून फिरवतात तेव्हा सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात का? आठ जणांच्या होडीत बारा बसवलेले आम्ही पाहिलेत. जेटीवर जाण्याच्या वाटेतच जाळ्यांचे ढीग आणि तुटके थर्माकोल पडलेले असतात. दांड्याच्या तोंडाशी एक साधा लाकडी फलक लावायचा ठराव कधीचा झालाय, फलक अजून सुताराकडेच आहे. त्या संध्याकाळी फलक असता तर कदाचित होडी ढकलावी लागली नसती. फोन नसलेल्या, बॅटरी संपलेल्या माणसाला शेवटी फलकच उपयोगी पडतो. तो आधी लावू, मग ॲपवाल्यांना पाच गोष्टी सांगू.

येत्या रविवारी सकाळी लिलाव आटोपल्यावर सोसायटीच्या ऑफिसात बैठक आहे. ती मुलंही येणार आहेत. बायकांनी जरूर यावं, सुक्या मासळीचा आणि फोटोंचा प्रश्न त्यांचाच आहे. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी खाली लिहा: आपल्या किनाऱ्यावर कुठल्या जागी, कुठल्या वेळेला परका माणूस अडकतो. एक-एक जागा लिहिली तरी पुरे. नाव आपलं गावठीच लिहा.

बेळगावच्या त्या गृहस्थांचा दिवाळीला फोन आला होता. आजीबाई बऱ्या आहेत. पुढच्या वेळी येऊ तेव्हा आधी तुम्हालाच विचारू, म्हणाले. त्यांच्याकडे आपला नंबर आहे. बाकीच्यांकडे नाही.